डांगराचा सवाल

श्रोतेहो, नमस्कार, आणि आमच्या ख्रिस्ती भावंडांना सलाम. आज मला विषय दिलाय ख्रिस्ती शाळा आणि तिथलं मुलांचं संगोपन. विषय मोठा आहे, पण मला त्यातलं एकच सांगायचंय आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी चुकायला नको. मुलाला वाटा द्या. वाटा म्हणजे खाऊतला नाही, कामातला, जबाबदारीतला, चारचौघांत बोलण्यातला वाटा.

मिशनची शाळा म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यासमोर लगेच इंग्लिश मिडीयम, टाय, बूट आणि भली मोठी फी येते. मी बोलतेय ती नगर जिल्ह्यातली, मराठी मिडीयमची, खेड्यातली मिशनची शाळा, जिच्याभोवती कंपाउंड असतं आणि कंपाउंडात चर्च, मुलांचं बोर्डिंग, शिक्षकांची घरं, एक विहीर, दोनचार चिंचा. माझी आई अशाच एका शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे माझं सगळं बालपण कंपाउंडात गेलं.

या शाळांची परंपरा जुनी आहे बरं का. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सिंथिया फरार नावाच्या बाई नगरला मुलींना शिकवायच्या, त्या १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचं ट्रेनिंग फरारबाईंकडे घेतलं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्याच दिवसांत गेले होते, त्यामुळे त्यांना ते बघवलं नाही. पुण्यात तेव्हा प्लेग, एवढ्या मुली शहरात ठेवायची सोय नाही, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. आता इथे लक्ष द्या. शेकडो मुली आल्या, त्यांना सांभाळलं कोणी? शारदा सदनात, म्हणजे रमाबाईंच्याच आधीच्या शाळेत, शिकून मोठ्या झालेल्या मुलींनी. ज्यांना काल कोणीतरी सांभाळलं होतं त्यांनीच आज दुसरीला सांभाळलं, न्हाऊमाखू घातलं, अक्षर ओळख करून दिली. आणि पुढे रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं ते तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं, छपाईचे खिळे जुळवायला तिथल्याच मुली आणि बायका. म्हणजे वाटा दिला की नाही?

आमच्या बोर्डिंगात पण हेच, लहान प्रमाणात. सकाळी घंटा, प्रार्थना, मग पाळ्या. कोणाची पाणी भरायची पाळी, कोणाची झाडलोटीची, कोणाची भाकऱ्या मोजून वाढायची. मुलं सगळ्या जातीधर्माची, मराठा, वंजारी, मुसलमान, ख्रिस्ती, पंगत एकच. मिशनच्या शाळांत धर्म लादतात असं पुष्कळ जण बोलतात, तर सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला प्रार्थनेला बसवता येत नाही, हे घटनेच्या २८ व्या कलमातच आहे. आमच्याकडे नाताळचा तारा करायला सगळ्यात पुढे कोण असायचं तर हिंदू पोरं, कारण दिवाळीचे आकाशकंदील करून करून कामट्या बांधण्यात त्यांचा हात बसलेला. आता तारे रेडिमेड मिळतात, चायनीज, लायटिंगवाले, आणून लावले की झालं. मला ते अजिबात पटत नाही. मुलांच्या हाताला काम नाही आणि मग आपणच म्हणायचं की पोरं मोबाईल सोडत नाहीत.

असो. मला ज्या गोष्टीसाठी आज बोलायचं होतं ती आता सांगते.

साधारण १९८८-८९ चा काळ. पाथर्डीकडचा एक मुलगा सातवीत बोर्डिंगला आला. नाव नाही सांगत, त्याला आपण पोरगा म्हणू. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकात बसून कारखान्याला जातात, एका जोडप्याला एक कोयता म्हणतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. पोरं बरोबर गेली की शाळा गेलीच. या पोराच्या आईने त्याला हट्टाने बोर्डिंगात ठेवला आणि तो तेवढ्याच हट्टाने पळायचा. भिंतीवरून उडी मारून एसटी स्टँड गाठायचा, कंडक्टरला म्हणायचा मला कारखान्याला जायचंय. कोणता कारखाना ते त्याला सांगता यायचं नाही. कोणीतरी ओळखीचं परत आणून सोडायचं.

बोर्डिंगच्या मोठ्या बाई होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणायचे. कमिटीतले पंच म्हणाले याला घरी पाठवा, उगाच जोखीम नको. बाई म्हणाल्या, घराला कुलूप आहे, कुठल्या घरी पाठवू? आणि त्यांनी काय केलं, तर त्याला रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही, विहिरीजवळचा एक वाफा त्याला दिला. बी दिलं. आणि सांगितलं की तुझ्या वाफ्यात जे येईल ते स्वयंपाकघरात वजन करून घ्यायचं आणि वहीत तुझ्या नावावर लिहायचं. बस. नाताळ जवळ येईपर्यंत अख्खं बोर्डिंग त्याच्या मेथीची भाजी खात होतं आणि तो वाढप्याच्या मागे उभा राहून बघायचा कोणी ताटात टाकत तर नाही ना.

त्याच वाफ्यातून एक डांगराचा वेल गोठ्याच्या पत्र्यावर चढला. डांगर म्हणजे लाल भोपळा हो. त्यातलं एक डांगर त्याने कोणाला हात लावू दिलं नाही. का ते कोणाला माहीत नव्हतं.

आता जानेवारीत आमच्याकडे हंगामाचा सण असायचा. ख्रिस्ती श्रोत्यांना माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. शेतात जे पिकलं त्यातलं देवाला म्हणून चर्चमध्ये आणायचं, ज्वारी, कोंबडी, अंडी, ऊस, नारळ, आणि उपासना झाली की तिथेच त्याचा सवाल लावायचा, म्हणजे लिलाव. पैसे चर्चला. एक अंडं चाळीस चाळीस रुपयाला जातं, कारण घेणारा ते परत देतो आणि परत सवाल लागतो. आमच्याकडे सवाल लावायला अण्णा असायचे, आवाज असा की वेशीपर्यंत ऐकू जावा, आणि कमी बोलीत वस्तू सोडली असं त्यांच्याकडून कधी व्हायचं नाही. गावातले किराणावाले शेठ, ख्रिस्ती नव्हते, पण दरवर्षी न चुकता यायचे आणि पुढच्या सतरंजीवर बसायचे.

त्या वर्षी बोर्डिंगची मुलं आपापल्या वाफ्यातलं घेऊन ओळीने आली आणि शेवटी हा पोरगा, डोक्यावर ते डांगर. अण्णांनी ते वर धरलं, बोला म्हणाले, आणि कोणी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, दोन रुपये! पोरगाच बोलला. आमच्यातली मुलं हसायला लागली, मी हार्मोनियमच्या बाजूला बसले होते, मला अजून ते हसणं आठवतं. अण्णा पण हसले आणि डांगर फिरवून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले. डांगरावर अक्षरं होती. डांगर कोवळं असताना नखाने त्यावर कोरलं की ती खूण बुजत नाही, फळ वाढेल तशी अक्षरं वाढतात, पांढरी, खरखरीत. शेतकऱ्याच्या पोरांना माहीत असतं हे. त्याने कोरलं होतं "आई", आणि डांगर वाढता वाढता ते अक्षर वीतभर झालं होतं. अण्णांनी मोठ्याने वाचलं, आई.

मग शेठ उठले. चांगला माणूस, डोळ्यात पाणी आलेलं. म्हणाले, माझे पन्नास रुपये लिहा आणि डांगर पोराला देऊन टाका. सगळे म्हणाले वा वा. आणि मोठ्या बाई बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. म्हणाल्या, नको शेठ, तुमचे उपकार आहेत पण नको. त्याने सवाल केलाय. त्याला घेऊ द्या.

त्यावर एक पंच बोलले की बाई, हे देवाच्या कामाचे पैसे, एवढं मोठं डांगर दोन रुपयात कसं सोडायचं. तर बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, साहेब, गेल्या रविवारी विधवेच्या दोन टोल्यांवर तुम्हीच बोललात ना? बायबलात गरीब विधवा देवाला दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, देते आणि येशू म्हणतो तिचंच दान सगळ्यांत मोठं. पंच गप्प. अण्णांनी घसा साफ केला आणि तेवढ्याच वेशीपर्यंतच्या आवाजात सुरू केलं, दोन रुपये एक वार. दोन रुपये दोन वार. शेठ हात जोडून खाली बसले. दोन रुपये तीन वार! डांगर दिलं! आणि पोरगा सतरंज्या ओलांडत पुढे आला, पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, ताटात दोन रुपयाची नोट ठेवली, चुरगाळलेली, पाळकीणबाईंचं पाणी भरून मिळवलेली, आणि डांगर उचलून घेऊन गेला. वहीत इतर सगळ्यांसारखं त्याचं नाव लिहिलं गेलं, वस्तू डांगर, रक्कम रुपये दोन, रोख. शेठनी मग मेथीच्या एका जुडीला साठ रुपये मोजले, ते वेगळं.

मला सांगा, पन्नास रुपये घेऊन डांगर त्याला फुकट दिलं असतं तर वाईट काय होतं? काहीच नाही. पण मग तो गरीब पोरगा झाला असता ज्याला शेठनी डांगर दिलं. बाईंनी त्याला सवाल करणारा ठेवला. मोठ्या माणसांच्या बरोबरीचा. हे मी परत सांगते, कारण अख्ख्या भाषणात हेच महत्त्वाचं आहे. दया सगळेच करतात, बाईंनी त्याला वाटा दिला.

डांगर पोचलं कसं म्हणाल तर तेच पंच, ज्यांनी अडवलं होतं, त्यांचे पाहुणे त्या कारखान्याच्या बाजूला होते, ते स्वतः पिशवीत घालून घेऊन गेले, मुकादमाच्या नावावर विचारत विचारत कोपी शोधली. आल्यावर त्यांनी सांगितलं की पोराच्या आईने डांगर बघितलं, हात फिरवला आणि विचारलं, जेवतो का नीट? पाडव्यानंतर ती स्वतः आली तेव्हा डांगराचं नाव पण काढलं नाही, मोठ्या बाईंना म्हणाली गणितात कसाय ते सांगा. आणि पोराचं पळणं त्यानंतर बंद झालं असं मी म्हणणार नाही, होळीला एकदा परत पळालाच. पण बोर्डिंगच्या वाफ्याला पाणी कोण घालेल म्हणून संध्याकाळी आपला आपण परत आला. दहावी झाला, आयटीआय केलं, आता एसटीच्या वर्कशॉपला आहे, मुलगी कॉलेजला.

आता थोडं बाकीचं. ख्रिस्ती शाळेत समाज शाळेच्या आत असतो, ही मोठी गोष्ट आहे. पाळक, पंच, महिला मंडळ, तरुण संघ, शिक्षक, गावातला दुकानदार, सगळे त्या मुलाला ओळखतात. नातं टिकवायला प्रीतिभोजनं असतात, नाताळची फेरी असते. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, चर्चमध्ये अभंग आणि भजन आणलं म्हणून कुठल्याही घरातून आलेल्या पोराला तिथे टाळ धरता येतो, परकं वाटत नाही. टिळकांच्या नगरच्या घरात पण कायम कोणाची तरी पोरं राहायला असायची, बालकवी ठोंबरे तिथेच राहिले होते. आणि नगर कॉलेज १९४७ साली डॉक्टर भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी काढलं ते याच मातीतून.

पण आता काय होतंय, मी बऱ्याच शाळांत जाते, वाफे गेले. तिथे पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, गाड्या लावायला. चिखल नको, पालकांना स्वच्छ दिसलं पाहिजे. गॅदरिंगला डीजे येतो, नाच बसवायला बाहेरून माणूस येतो, स्टेजचं डेकोरेशन कंत्राटाने. मुलं फक्त नाचतात आणि आईबाप फोनवर शूट करतात. पडदा ओढायला, खुर्च्या मांडायला, पाहुण्यांना पाणी द्यायला मुलं नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, आणि हे फक्त ख्रिस्ती शाळांचं नाही, सगळ्याच शाळांचं झालंय.

म्हणून पाळकसाहेबांना, पंचांना, हेडमास्तरांना, बोर्डिंगच्या बाईंना माझी विनंती आहे. अंगण सगळं फरशीखाली घालू नका, वर्गामागे एक वाफा ठेवा आणि त्याचा हिशेब मुलाच्या हातात द्या. आणि हंगामाच्या सणाला मुलांच्या वस्तूंचा सवाल शेवटी, लोक उठून जेवायला निघाल्यावर लावतात बऱ्याच ठिकाणी, ते बदला. मोठ्यांच्या ज्वारी-कोंबड्यांच्या मधोमध लावा. मुलांना सवाल करू द्या, पाच रुपये तर पाच रुपये, आणि वहीत नाव लिहा. माझा वेळ झाला. पुढच्या वेळी बोर्डिंगच्या स्वयंपाकघराबद्दल बोलू. सलाम.