धावता धावता बंद पडणारी गाडी : जुन्या वायरिंगचा तपास

जुनी गाडी रस्त्यात अचानक बंद पडते, काही वेळाने काहीच न झाल्यासारखी पुन्हा सुरू होते, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर तासभर चालू ठेवली तरी साधी कुरकुरही करत नाही. दोष हाती लागत नाही म्हणून मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. आधी कॉइल (स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणारी), मग इंधनाचा पंप, मग बॅटरी. त्यानंतर गाडी काही दिवस नीट चालली, तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. कारण भाग बदलताना आजूबाजूचे कनेक्टर काढून पुन्हा बसवलेले असतात, आणि पुष्कळदा सुधारणा तेवढ्यानेच झालेली असते.

आपल्यासमोरच्या या इंजेक्शनच्या जुन्या गाडीबद्दल दोन तक्रारी आहेत. ती तापल्यावर मधूनच बंद पडते, आणि पंखा किंवा हेडलाइट लावले की सगळे दिवे मंदावतात. दोन्हींचे मूळ एकच असावे, असे मानण्याचा मोह येथे होतो. तो तूर्त बाजूला ठेवू.

इंजिन थांबते ते दोन-तीन सेकंद तपासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. चावी फिरवल्यासारखे ते एकदम थांबले, तर संशय प्रथम विजेवर घ्यावा. गचके खात, मिसिंग मारत थांबले, तर इंधनाकडे पाहावे. गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असताना, म्हणजे चाकांमुळे इंजिन फिरत असतानाही, आरपीएमचा काटा झटक्यात शून्यावर आला, तर इग्निशनचा पुरवठा किंवा क्रँक सेन्सरचा (इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल तुटला असण्याची शक्यता मोठी. त्याच वेळी डॅशवरचे ऑइलचे आणि बॅटरीचे दिवे लागतात का, हेही पाहावे. डॅश पूर्ण काळोखा झाला, तर दोष मुळाकडे, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा इग्निशन स्विच येथे शोधावा लागतो. दिवे लागले, तर मुख्य पुरवठा शाबूत आहे आणि तुटले आहे ते पुढे कुठेतरी. या गाडीत काटा शून्यावर येतो आणि दिवे लागतात.

याहून जुन्या, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे यांत्रिक कॉन्टॅक्ट) आणि कॉइलच्या गाड्यांमध्ये एक वेगळे लक्षण आढळते. सेल्फ मारताना इंजिन पेट घेते आणि चावी सोडताच बंद पडते. अशा अनेक गाड्यांत कॉइलला चालू अवस्थेतला पुरवठा बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट मर्यादित ठेवणाऱ्या रोधातून, मिळतो आणि सेल्फच्या वेळी तो वगळला जातो, त्यामुळे तो रेझिस्टर किंवा स्विचमधला त्या मार्गाचा कॉन्टॅक्ट तपासला की बहुधा काम भागते. (आणि इतके करण्याआधी इंधन टाकीचे झाकण उघडून पाहण्यास हरकत नाही, त्यातले हवेचे छिद्र बुजले, तर टाकीत निर्वात होऊन इंधन येणे थांबते आणि दोष विनाकारण वायरिंगच्या माथी मारला जातो.)

आता मंदावणाऱ्या दिव्यांकडे वळू. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे ती पूर्ण चार्ज आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मुख्य टर्मिनलपासून त्याच्याच आवरणापर्यंत १४.२ व्होल्ट मिळतात, मात्र बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये १३ च मिळतात. उरलेला दाब वाटेत कुठेतरी खर्च होतो आहे. येथे बरेच जण मीटर ओहमवर लावून केबल तपासतात, मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, आणि केबल निर्दोष ठरते. ही पद्धतच येथे अपुरी आहे. जाड केबलच्या सगळ्या तारा कुजून एकच शिल्लक असली, तरी मीटरच्या अगदी किरकोळ करंटला ती पुरते. सेल्फला मात्र दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक लागतात. ओहमच्या नियमाने पाहिले तर एक शतांश ओहमचा अडथळा दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट खाऊन टाकतो, आणि इतका लहान अडथळा साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रोधातच हरवून जातो.

म्हणून मोजमाप वीज वाहत असतानाच घ्यायचे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, म्हणजे क्लॅम्पला नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबाला, आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवरच्या उघड्या धातूला टेकवले आहे. सेल्फ मारताच आकडा १.१ वर जातो, तो ०.२ च्या आसपास राहायला हवा होता. आता एकेक टप्पा मोजत जाऊ. खांब ते क्लॅम्प, काही नाही. क्लॅम्प ते अर्थिंगच्या केबलच्या दुसऱ्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), नगण्य. लग ते ब्लॉक, जवळजवळ एक व्होल्ट. बोल्ट सोडवल्यावर लगच्या खाली गंजाचा तपकिरी थर आणि त्यावर चढलेला जुना रंग दिसतो. अर्थिंगचा बोल्ट घट्ट होता, हे येथे ध्यानात घ्यावे. हलवून पाहणाऱ्याला तो निर्दोषच वाटला असता.

पृष्ठभाग घासून चकचकीत केल्यावर, बोल्ट पुन्हा कसून त्यावर ग्रीसचा पातळ हात दिल्यावर, तेच मोजमाप ०.१ येते आणि दिवे मंदावत नाहीत. गाडी मात्र तापल्यावर पुन्हा बंद पडते. दोन तक्रारी म्हणजे दोन दोष होते.

तापल्यावरच दिसणारा दोष थंड गाडीत मोजून उपयोग नाही. क्रँक सेन्सरमधली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून तुटल्यासारखी होते आणि थंड झाल्यावर जुळते, म्हणून त्याचा रोध गाडी बंद पडताक्षणीच मोजावा लागतो. तो येथे योग्य निघाला. यापुढे मेन रिलेच्या, म्हणजे इंजिनच्या यंत्रणेला वीज जोडणाऱ्या विद्युत स्विचच्या, आउटपुटवरून फ्यूज घातलेली एक वायर डॅशपर्यंत आणून तिला टेस्ट लॅम्प जोडला आहे. मीटरऐवजी दिवा, कारण तो स्वतः करंट ओढतो आणि अर्धवट तुटलेल्या जोडणीला फसत नाही. शिवाय चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला त्याच्यावर नजर ठेवता येते. इंजिन थांबते त्याच क्षणी दिवाही विझतो, म्हणजे पुरवठा तुटतो तो रिलेपाशी किंवा त्याआधी. रिलेच्या सॉकेटमधल्या इनपुट पिनेवर वीज आहे, आणि रिलेच्या आतल्या कॉइलच्या दोन पिनांमध्येही पूर्ण बारा व्होल्ट आहेत, म्हणजे दोष रिलेच्या आतच आहे.

रिलेचे आवरण उघडून सर्किट बोर्ड उलटा केल्यावर, भिंगाखाली एका जाड पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसते. अनेक वर्षे तापणे आणि निवणे सोसून सोल्डर थकते, आणि उष्णतेत ती चीर उघडते. जुने सोल्डर काढून नवे भरले आहे. आता रिले हेअर ड्रायरने तापवून, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून, त्याच्या इनपुट आणि आउटपुट पिनांमधला फरक पुन्हा मोजतो, मीटर ०.०५ व्होल्टवर थांबतो. टेस्ट लॅम्प पुढचे काही दिवस डॅशवर जोडलेलाच राहील.