उघडी बंदूक

(मंडळाच्या क्ले शूटिंग सहलीच्या आधीच्या शनिवारी हॉलमध्ये केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

मागे आवाज येतोय ना? बरं. पुढच्या शनिवारी आपण तीसेक जण क्ले शूटिंगला, म्हणजे मशीनने हवेत फेकलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायला जाणार आहोत, आणि त्यातल्या बहुतेकांनी बंदूक हातात धरलीये ती जत्रेत, फुगे फोडायची. माझंही तेच होतं. कोकणातले जे कोणी आहेत त्यांनी घरात ठासणीची पाहिली असेल, माकडं आणि डुक्करं हाकलायला परवान्यावर घेतलेली, पण ती आजोबांची, तिला हात लावायचा नाही. म्हणजे जत्रेतलीच आपली खरी शाळा. आणि त्या शाळेत आपण काय शिकलो, तर बंदूक हातात आली की आधी मित्राकडे रोखायची आणि फोटो काढायचा. ही सवय विसरा, मग पुढचं सगळं सोपं आहे.

बरेच जण मला विचारतात की हे स्वप्नील कुसाळेचं तेच ना. नाही. त्याची रायफल, एक गोळी, स्थिर निशाण. आपली शॉटगन, हलतं निशाण, आणि एका काडतुसात बारीक छरे. इथे ब्रिटनमध्ये 28 ग्रॅमचं काडतूस सर्रास चालतं, त्यात साडेसात नंबरचे साधारण 400 छरे मावतात. ओळखीचं नाव हवंच असेल तर राज्यवर्धन राठोड, 2004 ला अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅपचं, म्हणजे एकदम दोन तबकड्या फोडायच्या प्रकाराचं रौप्य, ते आपल्या खेळाच्या घरातलं. तबकडीला क्ले म्हणतात पण ती मातीची नसते बरं का, डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी, साधारण 110 मिलिमीटर रुंद आणि शंभरेक ग्रॅम वजनाची. पूर्वी खरी कबुतरं पेटीतून सोडून मारायचे, मग काचेचे गोळे आले, मग 1880 च्या सुमारास अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या लिगोव्स्की नावाच्या माणसाने मातीची तबकडी काढली. पेटी गेली, कबूतर गेलं, शब्द राहिले. अजूनही मशीनला ट्रॅप म्हणतात, तबकडीला बर्ड, आणि फुटली की स्कोअर लिहिणारा 'किल' म्हणतो. पहिल्यांदा ऐकून दचकू नका.

आता मुद्द्याचं. मैदानावर इन्स्ट्रक्टर पहिलं वाक्य म्हणेल, ब्रेक द गन. मागच्या वेळी मी आपल्या एका काकूंना त्याचं मराठी करून सांगितलं, बंदूक मोडा, तर त्या म्हणाल्या, अरे भाड्याची आहे ना, मोडली तर पैसे कोण भरणार! मोडायची म्हणजे बिजागरीवर उघडायची. दोन नळ्या एकावर एक असतात, ओव्हर अँड अंडर म्हणतात तिला, वरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या पुढे झुकतात आणि मागची दोन भोकं दिसतात. अशी उघडी, रिकामी बंदूक हातावर टाकून चालायचं. का? तर समोरून येणाऱ्या परक्या माणसाला दहा पावलांवरून दिसतं की हिच्यातून बार उडू शकत नाही. त्याला तुम्हाला विचारावं लागत नाही आणि तुमच्यावर विश्वासही ठेवावा लागत नाही. आमची आजी विळीवरून असंच ओरडायची. भाजी चिरून झाली आणि विळी उभी राहिली की संपलं, मग तुम्ही कितीही सांगा की मी इथेच होते, माझं लक्ष होतं. आडवी का नाही केलीस? कारण आत येणाऱ्या पोराला तुमचं लक्ष दिसत नाही, विळी दिसते. बंदुकीचंही तसंच आहे. 'रिकामी आहे, मला माहितीये' हे वाक्य मैदानावर कोणी ऐकून घेत नाही.

म्हणूनच सेफ्टी कॅच म्हणजे ते छोटं बटण, त्याच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच बंदुकांत ते फक्त चाप अडवतं, आतलं काडतूस आतच असतं, आणि शेजारच्याला काय ते दिसत नाही. सेमी ऑटोमॅटिकवालेही, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीवालेही भेटतील, ती बंदूक मोडत नाही, त्यामुळे ते बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, मागे उघडा ठेवतात आणि त्यात रंगीत प्लास्टिकची पट्टी खोचतात, लांबून दिसावी म्हणून. तरी काही जुने शूटर त्यांच्यापासून जरा लांबच उभे राहतात, आणि खरं सांगायचं तर मीही. कव्हरमधून बंदूक काढताना दस्त्याकडून ओढायची, बिजागरी बाहेर आली की तिथेच उघडायची, नळ्या नंतर. बंद बंदूक कव्हरमधून बाहेर येताच कामा नये.

काडतूस भरायचं फक्त पिंजऱ्यात, म्हणजे ज्या चौकटीत उभं राहून मारतात तिथे, तोंड मैदानाकडे असताना, आणि तुमची पाळी आली की मगच. दोनच काडतुसं. मारून झालं की उघडायची, आणि मग मागे वळायचं. हा क्रम उलटा कसा होतो ते मी करून दाखवलेलं आहे. तिसऱ्या की चौथ्या वेळेला माझी पहिली तबकडी अशी फुटली की नुसता धूर, आणि मी आनंदाच्या भरात बायकोला 'पाहिलंस का' म्हणायला वळलो, बंदूक बंद, दुसऱ्या नळीत काडतूस तसंच. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाने माझा खांदा धरून मला परत मैदानाकडे फिरवलं, एक शब्द न बोलता. नंतर चहाला मी माफी मागायला गेलो तर ते एवढंच म्हणाले, तबकडी छान फुटली हो. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

अजून एक गोष्ट, ही नीट ऐका कारण ती डोळ्यांना दिसत नाही. बोर म्हणजे नळीचं माप. ते कसं, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. वीस केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी बारीक. आकडा मोठा, नळी लहान. आता वीसचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत टाकलं तर ते मागे थांबत नाही, घसरून पुढे नळीत जाऊन अडकतं. चाप ओढला, काहीच नाही. उघडली, मागची जागा रिकामी दिसते, तुम्हाला वाटतं भरायलाच विसरलो, बाराचं घालता आणि मारता. पुढे एक अख्खं काडतूस अडकलेलं, मागून बार. नळी फुटते, आणि फुटते ती बरोबर तिथे जिथे तुमचा डावा हात असतो. म्हणून वीसची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली, आणि म्हणून एका खिशात दोन बोर कधीच नाही. आपल्यातल्या काहींना हलकी म्हणून वीस बोर देतील, तर नवरा बायकोने एकमेकांचे खिसे वाटून घ्यायचे नाहीत, बाकी संसारात काय ते करा.

बार फुसका वाटला, नेहमीचा धक्का आला नाही, तर लगेच दुसरा मारू नका. आणि चाप ओढून काहीच झालं नाही तर बंदूक मैदानाकडेच धरून थांबा, उशिरा उडू शकते, इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा उघडा. दोन्ही वेळेला पुन्हा भरण्याआधी नळीतून पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे.

रीतीभातीचं थोडं. कोणी पिंजऱ्यात असताना मागे गप्पा नाहीत. दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात नाही, ती कितीही सुंदर असली तरी. आणि न विचारता सल्ला नाही, हे आपल्याला जड जाणार आहे मला माहितीये. 'मागून गेला', म्हणजे बार तबकडीच्या मागून गेला, हे प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो आणि निम्म्या वेळा ते चूक असतं. रिकामी टरफलं आपली आपण उचलायची. अख्खी तबकडी गवतात पडलेली दिसली तरी आणायला जायचं नाही, मैदानापुढे पावणेतीनशे मीटरपर्यंत छरे पडतात असं धरूनच जागा मोकळी ठेवलेली असते.

परवान्याचं बऱ्याच जणांनी विचारलं. इथे स्वतःची शॉटगन ठेवायची तर पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, पाच वर्षांचं, पण पोलिसांनी मंजूर केलेल्या जागी आणि वेळी पाहुण्याला त्याशिवाय मारता येतं, 1968 च्या कायद्यातच ती सोय आहे. फॉर्मवर तुरुंगवास झालाय का असा प्रश्न असेल, हसू नका, खरं लिहा. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा ते देतात. टोपी आपली आणा, पुढे छज्जा असलेली, कारण तबकडीचे तुकडे डोक्यावर येतात. बिअर नंतर. फोटो पण नंतर, बंदूक उघडी ठेवून. बस साडेआठला हॉलसमोरून निघेल.