एकादशी, दुप्पट खाशी... आणि दात?

(साबुदाण्याच्या खिचडीची वाटी कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी! दातांच्या चॅनेलवर खिचडी कशाला, असं वाटलं ना? सांगते.

दाढ किडलीय म्हटलं की माझ्या खुर्चीतला पेशंट हमखास म्हणतो, "पण मॅडम, आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत हो!" जणू किडीला मटणच लागतं. दात किडवणाऱ्या जंतूंना हवी असते साखर, नाहीतर स्टार्च. आणि ते आपल्याच ताटात जास्त.

ही खिचडी बघा. (चमच्याने दाबत) दाणे कसे एकमेकांना धरून बसलेत? दाढेच्या खाचेतही असेच बसतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. लाळ त्याची साखर करते, जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. मग लाळच ते आम्ल निवळवते, पण तिला अर्धा-एक तास लागतो. तीन वेळा जेवणाऱ्याच्या तोंडात तेवढी उसंत मिळते. उपवासाला मात्र आठला चहा, नऊला खिचडी, अकराला केळं, मग राजगिऱ्याची वडी, खजूर, परत चहा, संध्याकाळी रताळ्याचे गोड काप. लाळेने करायचं तरी काय? खिचडीतलं दाण्याचं कूट मात्र निर्दोष बरं का, शेंगदाण्यानं आम्ल फारसं होत नाही.

आणि "मी साखर सोडली, आता गूळच," म्हणणाऱ्यांनो, जंतूंना सेंद्रिय गूळही तितकाच गोड लागतो. वर तो चिकटतो.

हिरड्यांचं चित्र वेगळं आहे. जर्मनीत १०० शाकाहारी आणि १०० मांसाहारी लोकांची तोंडं तपासली होती, २०१३ साली तो अभ्यास छापून आला. शाकाहारी लोकांच्या हिरड्या चांगल्या निघाल्या, रक्त कमी येत होतं, पडलेले दातही कमी. पण किडलेले आणि झिजलेले दात जास्त! अर्थात ही मंडळी दात घासायचीही जास्त नीट, त्यामुळे सगळं श्रेय भाजीला देऊ नका.

झिजलेले का, तर आंबट. सकाळी उठून लिंबूपाणी घोट घोट पिणारे आणि लगेच ब्रश करणारे माझ्याकडे बरेच येतात. मऊ पडलेल्या एनॅमलवर ब्रश चालवू नका. साध्या पाण्याने चूळ भरा, तासभर थांबा. गंमत म्हणजे साधं दही आंबट असूनही दात झिजवत नाही. त्यात कॅल्शियमच इतकं असतं.

आता जीभ. एक मावशी आल्या होत्या. तोंडाची आग व्हायची, वरण-भातसुद्धा झोंबायचा. तिखट बंद केलं, "अंगात उष्णता वाढलीय" म्हणून सहा महिने गुलकंद खाल्ला. जीभ बाहेर काढायला सांगितली तर लालबुंद, गुळगुळीत, काचेसारखी. निरोगी जिभेवर बारीक लव असते, ती पार गेलेली. रक्त तपासलं, बी-१२ तळाला. हे जीवनसत्त्व भाजी-डाळीत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूधदुभत्यातूनच मिळतं, आणि मावशींचं दूध म्हणजे चहात पडेल तेवढं. औषधं सुरू झाली, काही आठवड्यांत मावशी ठेचा खायला लागल्या. गुलकंदाने मात्र दोन दाढा नेल्या होत्या, त्या मी भरल्या.

तेव्हा तोंड वारंवार येत असेल, जीभ अशी दिसत असेल, तर आधी रक्त तपासून घ्या. बाकी कुणीही फक्त दातांसाठी अंडी खायला लागू नका, माझी सासू मला घरात घेणार नाही.

उपवासही करा. फक्त दिवसभर चरू नका. (खिचडीचा घास घेत) ही वाटी मी आता एका बैठकीत संपवणार आणि चूळ भरून थेट रात्री फराळाला बसणार. लिंबू? पिळलंय थोडं. खिचडीला लिंबू नको म्हणणारी डॉक्टर मी नाही!