नागोबाच्या आधी या घरात कोण?

नागपंचमीला आपण वारुळाला जातो, लाह्या वाहतो, नागोबाला हात जोडतो. पण हे घर नागाचं नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’ असं आपण म्हणतोच की! ते मुंग्यांचंही नाही. ते बांधलंय वाळवीनं. विदर्भात हिला उधई म्हणतात. आणि ही मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या कुळातली.

आता भिंतीच्या या भेगेकडे नीट बघा. कामकरी वाळव्या आल्यात. डोळे नाहीत, मुकादम नाही, नकाशा नाही. मातीची गोळी लाळेत कालवायची आणि ठेवायची. एकीनं गोळी ठेवली की दुसरी तिच्या शेजारीच आपली ठेवते. 1959 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी हेच मांडलं: झालेलं कामच पुढचं काम सांगतं. वारूळ पाहताना मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते याचंच.

खाली राणी आहे, पण ती हुकूम सोडत नाही. फुगलेलं पोट घेऊन एकाच खोलीत अंडी घालत राहते, आणि राजाही जन्मभर तिच्याजवळच. सैनिकांचे जबडे लढण्यापुरतेच. त्यांना घास कामकरी भरवतात.

पण वारुळाचा खरा जीव आहे त्याच्या बागेत. वाळलेलं लाकूड, पालापाचोळा खाऊन वाळवी आपल्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचते. त्यावर बुरशी वाढते. वाळवीला न पचणारं लाकूड ही बुरशी मऊ करून देते, आणि मग वाळवी ते खाते. दोघींची ही भागीदारी कोट्यवधी वर्षांची!

एवढ्या जिवांना आणि बुरशीला हवा लागते. बाहेरच्या या उभ्या पन्हाळी त्यासाठीच उपयोगी पडतात. भारतातल्या वारुळांवरचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा पन्हाळी आधी तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री हाच प्रवाह उलटा फिरतो. ना पंखा, ना वीज.

पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या थव्यानं उडतात. पाखरं, बेडूक, पाली त्यांवर तुटून पडतात. वाचलेली एखादी जोडी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवं घर सुरू होतं.

पाऊस मुरला की वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात. कोकणात, गोव्यात लोक ही अळंबी आवडीनं खातात. ती उपटताना देठ तुटतो, त्याचा खालचा भाग मातीतच राहतो, खोल, थेट त्या बागेपर्यंत गेलेला.