फर्नेसमधला रस सावकाश का हेलकावतो?

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेने धातू वितळवणारी भट्टी, तिच्यातला रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, मधोमध फुगून वर का येतो? लगेच उत्तर मिळेल, करंट त्याला ढवळतोय. अगदी बरोबर. पण त्या ढवळण्यात एक संथ हेलकावा दडलाय, आणि बेळगावात बसून तो समजून घ्यायला आपल्याइतकं जवळचं कोण?

हा पेला म्हणजे फर्नेसचं भांडं समजा. भोवती तांब्याची कॉइल. तिच्यातला करंट सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे वितळलेल्या लोखंडातही करंट खेळू लागतो आणि कॉइलचं चुंबकीय क्षेत्र रसाला आत रेटतं. रेटा सगळ्यात जास्त मधल्या उंचीवर. तिथून रस आत शिरतो, थोडा वर, थोडा खाली वळतो आणि भिंतीलगत परत येतो. झाले दोन भोवरे, एकावर एक.

आता नीट ऐका. या प्रवाहाची सरासरी काढली, तर दोन भोवरे आपापल्या घरात फिरताना दिसतात. वरचा माल वर, खालचा खाली. मग वरून टाकलेलं फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू, तळाशी पोचतं कसं? लॅटव्हियातल्या आणि जर्मनीत हॅनोव्हरच्या संशोधकांनी वुड्स मेटलवर मोजमाप केलं. हा मिश्रधातू 70 अंशांच्या आसपासच वितळतो, म्हणून त्यात मोजमापाची उपकरणं बुडवायची सोय. दिसलं असं की भोवरे जागेवर राहत नाहीत. कधी वरचा खाली रेटतो, कधी खालचा वर सरकतो. एकेका झोक्याला कित्येक सेकंद लागतात. मालाची नेआण करतो तो हा झोका! सरासरीत नेमका तोच पुसला जातो.

पॉवर तर स्थिर असते, मग हे सावकाशपण येतं कुठून? छोटे भोवरे क्षणात विरतात. भांड्याएवढे मोठे भोवरे टिकतात, एकमेकांना रेटून धरतात, आणि छोट्यांचे असंख्य धक्के साठत साठत तो तोल हळूहळू कलतो.

असा तोल दुसरीकडेही कलतो. फ्रान्समधल्या कादाराशच्या संशोधन केंद्रात वितळलेलं सोडियम दोन फिरत्या चकत्यांनी घुसळलं, त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाहाने स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार केलं, आणि चकत्यांचा वेग न बदलता ते क्षेत्र अधूनमधून, अनियमितपणे उलटंही झालं.

आणि सगळ्यात मोठी फर्नेस आपल्या पायाखाली, 2900 किलोमीटर खोल. तिथल्या वितळलेल्या लोखंडाने पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं उलटवलं ते सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी. त्याआधीही कितीतरी वेळा. विहीर खणताना आपल्याकडे जो काळा पाषाण लागतो ना, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थंड होताना त्याने त्या वेळची उत्तर-दक्षिण स्वतःत कोंडून घेतली, आणि दख्खनच्या या थरांपैकी कित्येकांत ती आजच्या उलट आहे.