प्रयोगाची तारीख पंचांगात बघावी

श्रोतेहो, नमस्कार.

सुगी आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत शाळेच्या एखाद्या खोलीत नाटकाची तालीम सुरू होते. हाकेच्या अंतरावर देवळात भजन चाललेलं असतं. गाणारे-वाजवणारे दोन्हीकडे असतात. पेटीवाला तर पुष्कळदा एकच असतो. तरी नाटकवाल्यांना भजनी मंडळाची आठवण होते ती प्रयोगाला चार दिवस उरल्यावर. "दुसऱ्या अंकात देवळाचा सीन आहे, एक अभंग म्हणायला या." मंडळ येतं, अभंग म्हणतं, नारळ घेऊन जातं. पुढच्या वर्षी बोलावलं तर येत नाही.

नाटक मंडळी आणि भजनी मंडळ, गोंधळी, यल्लम्मा देवीचे जोगती, चर्चचं कॉयर, जैन बस्तीतली (मंदिरातली) मंडळी यांनी एकत्र काम कसं करावं, हा आजचा विषय. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की ही माणसं संहिता निवडतानाच सोबत हवीत आणि प्रयोगाची तारीख त्यांच्या पंचांगातून निघायला हवी.

हे नातं आपल्या भागाला नवं नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक उभं केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. त्याच वर्षी आपल्या बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूरला, अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. संगीत नाटकातल्या साकी आणि दिंडी या पद्यांच्या चाली कीर्तनकारांच्या तोंडी आधीपासून होत्या. म्हणजे उसनवारी जुनीच आहे. ती नीट करायची एवढंच.

आता तारखा. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकड आरती, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारनंतर प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, त्याला पहारा म्हणतात. पहाऱ्याला लागलेला माणूस तुमच्या तालमीला येणार कसा? काल्याचं कीर्तन होऊन दोन-तीन दिवस गेले, गळे मोकळे झाले, की मग बोलावावं. आषाढात निम्मं मंडळ वारीला गेलेलं असतं. मार्गशीर्ष ते माघ पौर्णिमेपर्यंत जोगती मंडळी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराच्या वाटेवर. भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात कॉयर विनोदी नाटकाला उभं राहणार नाही आणि डिसेंबरात त्यांना सवड नसते. गावात लक्ष्मी यात्रा ठरली असेल तर आधी वार पाळणूक (ठरल्या वारी कामं बंद) येते आणि लक्ष्मी गदग्यावर, म्हणजे यात्रेतल्या चौथऱ्यावर, बसली की गावाचं सगळं मनुष्यबळ तिकडे लागतं. म्हणून प्रयोगाच्या किमान तीन महिने आधी पंचांग आणि कॅलेंडर समोर ठेवून दोन्हीकडची चार-चार माणसं बसली पाहिजेत.

विचारायचं कुणाला, यालाही क्रम आहे. देवळाचं आवार हवं असेल तर आधी देवस्थानचे पंच, मग गुरव किंवा पुजारी, मग भजनी मंडळाचे बुवा. देऊळ मुजराई, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडे असेल तर लेखी परवानगी. महिला मंडळ हवं असेल तर त्यांच्या प्रमुख बाईंना थेट भेटावं; पंचांनी हो म्हटलं म्हणजे बायकांनी हो म्हटलं असं होत नाही. तालमीची वेळही त्यांच्या सोयीची धरावी. जैन घरांत जेवण दिवस मावळायच्या आत होतं. तेव्हा रात्री आठच्या तालमीत कांदाभजी मागवली तर काही जणांपुढे ती तशीच राहते. दिवस मावळायच्या आत केळी-शेंगदाणे दिले तर सगळ्यांना चालतात.

खरी अडचण येते सुरात. नाटकातला पुरुष गायक बहुधा पेटीच्या काळी एक, काळी दोन या पट्ट्यांवर गातो. वारकरी भजनाची पट्टी त्याहून बरीच चढी, काळी चार-पाचपर्यंत जाते. दिग्दर्शक सहज म्हणतो, "जरा खाली घ्या." पण पखवाज तसा खाली येत नाही. चामड्याच्या वादीखालचे लाकडी गट्ठे ठोकून अर्धा-एक सूर इकडेतिकडे होतो. त्यापलीकडे वादी सैल पडते किंवा पान ताणून फाटायला येतं. आणि चढ्या पट्टीतच मंडळाचा जोर असतो. पट्टी उतरवली की तेच गाणारे मलूल वाटतात. तेव्हा अभंग त्यांच्या पट्टीत, त्यांच्या चालीत होऊ द्यावा. नटाचं पद लगेच जोडू नये, मध्ये दोन-तीन मिनिटांचा संवाद टाकावा. तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या कानातून आधीचा षड्ज निघून जातो. तयार ट्रॅक मात्र भजनाखाली कधीही वाजवू नये. ठेका वाढत जातो आणि ट्रॅक तिथेच राहतो.

पखवाजाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावतात, लहान पुरीएवढी. ती ओली आहे तोवर 'धुम्म' असा भरीव नाद येतो. रंगमंचावर दिवे आणि पंखे दोन्ही असतात, त्यामुळे कणीक देवळापेक्षा लवकर वाळते, कड सुटते आणि नाद पोकळ होतो. वाजवणारा ओलं बोट फिरवून थोडा वेळ निभावतो. पण पहिलं भजन पहिल्या अंकात आणि दुसरं शेवटी असेल, तर मध्यंतरात कणीक खरवडून नव्याने लावावी लागते. त्याला दहा मिनिटं, पाण्याची वाटी, ओलं फडकं आणि विंगेत बसायला जागा लागते. प्रयोगाच्या वहीत हे लिहून ठेवा, नाहीतर पखवाजी अंधारात पाणी शोधत फिरतो.

अभंग पूर्ण म्हटला तर आठ-दहा मिनिटं सहज जातात. नाटकात तीनच असतात. अशा वेळी मध्येच तोडू नका. ध्रुवपद, एक चरण आणि शेवटचा नाममुद्रेचा चरण घ्या. 'तुका म्हणे' गाळलेला अभंग मंडळाला अपुरा वाटतो आणि त्यांचं बरोबर आहे. थांबण्याची खूण दिव्याने देऊ नये. गाताना बुवांचे डोळे मिटलेले असतात. पेटीवाल्याला विंगेकडे तोंड करून बसवा, तो खूण घेईल आणि बाकीचे त्याच्यावर उतरतील. टाळांच्या चार जोड्या बंद सभागृहात पुरतात. बारा जोड्या वाजल्या तर नटांचा एक शब्द कळत नाही. टाळकऱ्यांना मागे ठेवा आणि त्यांच्या डोक्यावर माइक टांगू नका.

गोंधळी आणि जोगती मंडळींबरोबर काम करताना मात्र जास्त जपावं लागतं. संबळ, तुणतुणं, चौंडकं ही त्यांची वाद्यं आहेत आणि पूजेतलीही आहेत. दिवटी पेटवायची तर त्यांच्या रीतीने, त्यांच्या हातून. जोगतीणीच्या डोक्यावरचा देवीचा जग (मुखवटा बसवलेली पाटी) प्रॉपर्टी म्हणून मागू नये. नाटकाला हवा असेल तर बांबूची पाटी, कापड आणि पत्र्याचा मुखवटा घेऊन वेगळा करावा, आणि तो नाटकाचा आहे हे त्यांना दाखवावं. मोती बांधण्याचा, म्हणजे मुलगी देवीला सोडण्याचा, विधी रंगमंचावर हुबेहूब करण्याचा मोह टाळावा. देवदासी सोडण्याला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे. त्या रूढीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्याकडून तोच प्रसंग करून घेणं क्रूर आहे. गाणं मागा, कथा मागा, आणि कलावंत म्हणून बिदागी द्या.

बिदागीचा आकडा आधी ठरवा. निम्मी रक्कम तालीम सुरू होताना, निम्मी प्रयोगाच्या रात्रीच. भजनी मंडळ स्वतःसाठी पैसे घेत नाही असं पुष्कळदा होतं. मग मंडळाच्या नावे पखवाजाची पुडी (तोंडावरचं चामडं), टाळ किंवा सतरंजी द्यावी. काय हवं ते त्यांनाच विचारावं. जाहिरातीत मंडळाचं नाव नटांच्या नावांइतक्याच अक्षरांत, आणि पत्रिका मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत असावी. पूर्वी गोकाक तालुक्यात असलेलं कुलगोड हे कृष्णपारिजात या कन्नड लोकनाट्याचं गाव. तिथल्या खेळातल्या दूतीची हजरजबाबी ठसक आपल्या नटांनी समोर बसून पाहावी अशी आहे. एका रात्री त्यांचा खेळ आणि आपला प्रवेश, असा कार्यक्रम दोन्ही भाषांचे लोक येऊन बघतात.

हक्कांचंही सांगितलं पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. पण ही सवलत प्रयोगापुरती. नाटकाचं कन्नड भाषांतर करायचं किंवा प्रयोग मोबाइलवरून थेट दाखवायचा, तर लेखकाची परवानगी लागते. संतांच्या अभंगावर कुणाचा हक्क नाही, अलीकडच्या संगीतकाराने बांधलेल्या चालीवर असतो.

प्रयोग देवळाच्या आवारात असेल तर विजेचा हिशेब आधी करा. हजार वॅटचे सहा हॅलोजन म्हणजे सहा हजार वॅट, २३० व्होल्टला साधारण २६ अँपियर. देवळाच्या साध्या वायरिंगला हा भार झेपत नाही, प्रवेश रंगात आला की फ्यूज उडतो. एलईडी दिवे वापरा, किंवा हेस्कॉम या वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्या. ध्वनी आणि दिवे वेगळ्या फेजवर ठेवले तर डिमरची गुरगुर स्पीकरमध्ये येत नाही. लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो बंद, हा नियम आहे. सणांपुरती मिळणारी सूट बारापर्यंतच असते. त्यामुळे पडदा साडेसहाला उघडायला हवा.

सभामंडपात फरशीमुळे आवाज घुमतो. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. ती रेंगाळत असेल तर मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा तरटं लावा आणि नटांना वाक्यांच्या शेवटी थांबायला सांगा. रंगमंच असा बसवा की गाभारा बाजूला येईल. मग नटांची पाठ देवाकडे होत नाही आणि प्रेक्षकांचीही नाही, आणि आरतीची वाट मोकळी राहते. घंटेच्या लोळीला फडकं गुंडाळायचं तर गुरवांना विचारून, त्यांच्याच हाताने. मंडपात पायताण चालत नाही, म्हणून सैनिकाचा किंवा साहेबाचा प्रवेशही अनवाणी किंवा नव्या कापडी मोज्यांत बसवावा. मोजे फरशीवर घसरतात, तेव्हा तालीमही तसेच मोजे घालून करा. स्त्री कलाकारांची मेकअपची खोली शाळेत किंवा शेजारच्या घरात ठेवा, म्हणजे कुणालाही नको ते प्रश्न ऐकावे लागत नाहीत.

प्रयोग संपला की नेपथ्य उतरवण्याची घाई असते. पट्ट्या उपटल्या जातात, खिळे अंगणात पडतात, आणि बाकीचं सकाळी बघू म्हणून सगळे घरी जातात. तसं करू नका. घंटेचं फडकं त्याच रात्री सोडा. सतरंज्या झटकून मोजून परत द्या. आणि शेवटी एक जण बॅटरी घेऊन, एक जण केरसुणी आणि लोहचुंबक घेऊन सगळं अंगण फिरा. पहाटे काकड आरतीला येणारी माणसं अनवाणी असतात.

नमस्कार.