नवे पोर्ट कधी बसवावे आणि जुने कधी काढावे
(पुण्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

संगणकाला कोणते पोर्ट (केबल किंवा उपकरण जोडण्याची खाच) असावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा यंत्र विकत घेऊन झाल्यावर सुरू होते. नव्या लॅपटॉपमध्ये पेन ड्राइव्ह बसत नाही, सीएच्या कार्यालयात डिजिटल स्वाक्षरीचे टोकन बसवायला जागा सापडत नाही, महाविद्यालयाच्या सभागृहात वक्ता प्रोजेक्टरची व्हीजीए केबल हातात धरून उभा राहतो, आणि मग कोणाला तरी कन्व्हर्टर आणायला तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, पिटाळले जाते. या सगळ्याचा निर्णय मात्र उत्पादकाने यंत्राचा आराखडा करतानाच घेतलेला असतो. तो निर्णय कोणत्या कसोट्यांवर घेतला जावा, याविषयी मी आज बोलणार आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नवे पोर्ट बसवणे आणि जुने पोर्ट काढून टाकणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच ग्राहकाला भुर्दंड पडतो. पहिला निर्णय लवकर घ्यावा, दुसरा उशिरा. पहिल्याचे वेळापत्रक तंत्रज्ञान कितपत तयार आहे यावर ठरावे. दुसऱ्याचे वेळापत्रक वापरणाऱ्याच्या टेबलावर आणि कारखान्यात जी उपकरणे आहेत, त्यांच्या आयुष्यावर ठरावे.

याच्या विरोधात नेहमी एक उदाहरण दिले जाते, आणि ते वजनदार आहे. १९९८ साली ॲपलने आयमॅक बाजारात आणला, तेव्हा त्यातून फ्लॉपी ड्राइव्ह, सिरीयल पोर्ट, स्कझी (डिस्क, स्कॅनर जोडण्याचे जुने पोर्ट) आणि कीबोर्डसाठीचे ॲपलचे स्वतःचे जुने पोर्ट एका फटक्यात गेले आणि त्यांच्या जागी दोन यूएसबी पोर्ट आले. त्यानंतर यूएसबीचे प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड बाजारात भराभर येऊ लागले. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की जुने धाडसाने काढल्याशिवाय नवे रुजतच नाही. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी इंटेलच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये, यूएसबीची सोय आली. त्यानंतरच्या दोन वर्षांत विकल्या गेलेल्या असंख्य पीसींच्या पाठीमागे यूएसबी पोर्ट होते, पण विंडोजचा आधार तोकडा असल्यामुळे ते बहुतेक रिकामेच पडून राहिले. जून १९९८ मध्ये विंडोज ९८ आले आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. म्हणजे आयमॅक आला तेव्हा प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीसमोर मॅक आणि पीसी असे दोन्ही ग्राहक एकाच वेळी उभे होते. पीसी बनवणाऱ्यांनी जुन्याच्या शेजारी नवे पोर्ट मुकाट्याने बसवत नेले नसते, तर ॲपलचे धाडस एकाकी पडले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. ती दोन वर्षे पोर्ट रिकामे राहिले म्हणून ते वाया गेले असे मी मानत नाही.

मग लवकर म्हणजे नेमके किती लवकर? यूएसबी ३.० चा प्रवास पाहू. हे मानक नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाले. त्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, म्हणजे यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटच्या दसपट होता. मुख्य चिपसेटमध्ये त्याची सोय नव्हती, म्हणून मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी पुढच्या वर्षापासून एनईसी या जपानी कंपनीची वेगळी चिप लावून ते पोर्ट द्यायला सुरुवात केली. एएमडीच्या चिपसेटमध्ये ते २०११ साली आणि इंटेलच्या चिपसेटमध्ये २०१२ साली आले. विंडोज ८ मध्ये त्याचे ड्रायव्हर (उपकरण ओळखून चालवणारी प्रणाली) प्रथमच अंगभूत मिळाले, तेही २०१२ सालीच. वेगळ्या चिपच्या त्या काळात पोर्ट महाग होते आणि ड्रायव्हर वेगळे टाकावे लागत. तरीही ग्राहकाचे नुकसान काहीच झाले नाही, कारण निळ्या रंगाच्या त्या पोर्टमध्ये जुने चार संपर्कबिंदू तसेच ठेवून आत पाच नवे वाढवलेले होते, आणि जुना माउस किंवा पेन ड्राइव्ह त्यात पूर्वीसारखाच चालत होता. जिथे नवे मानक जुन्याच्याच खाचेत बसते, तिथे उत्पादकाने मानक अंतिम होऊन चाचणी झालेल्या चिप मिळू लागताच ते घ्यावे. थांबण्याचे एकही सबळ कारण मला दिसत नाही.

पण याच प्रवासाचा शेवट बघा. बाहेरचे पोर्ट तसेच राहिले, तरी आतले यूएसबी २.० साठीचे जुने नियंत्रक (पोर्टचे काम चालवणारे सर्किट) इंटेलने २०१५ साली आलेल्या शंभर-मालिकेच्या चिपसेटमधून काढून टाकले. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये नव्या नियंत्रकाचे ड्रायव्हर नव्हते. परिणामी अशा यंत्रावर विंडोज ७ टाकायला बसलेल्या माणसाचा कीबोर्ड आणि माउस पहिल्याच पडद्यावर निकामी होत, आणि ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू केला तोही पुढे दिसेनासा होई. पोर्टचा आकार बदललेला नव्हता, केबल बदललेली नव्हती, आणि तरीही काम अडले होते. म्हणून जुने काढताना बाहेरच्या खाचांबरोबर आतल्या ड्रायव्हरचाही हिशेब धरला पाहिजे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आता जुन्या उपकरणांच्या आयुष्याकडे वळतो, कारण या विषयाचा खरा गाभा तिथे आहे. लॅपटॉप चार-पाच वर्षांनी बदलला जातो. त्याला जोडलेली वस्तू मात्र पुष्कळदा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जगते. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आपल्या मंडळींकडे मिनी-डीव्ही कॅमेरे होते आणि त्यातली टेप संगणकावर उतरवण्याचा मुख्य मार्ग फायरवायर हे पोर्ट हाच होता. ॲपलने २००८ च्या अखेरीस ॲल्युमिनियमच्या मॅकबुकमधून फायरवायर काढले, तेव्हा अशा वापरकर्त्यांनी जोरदार तक्रार केली, आणि २००९ च्या जूनमध्ये त्याच आकाराच्या मॅकबुक प्रोवर फायरवायर परत आले. कॅमेरा उत्तम चालत होता आणि त्याचे कर्जही कदाचित फिटायचे होते. संगणकाची बाजू तेवढी एकतर्फी बदलली होती.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत याहून बोलके उदाहरण मिळते. संगणकी प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या अनेक जुन्या सीएनसी यंत्रांना प्रोग्रॅम आजही आरएस-२३२ या सिरीयल केबलने पाठवला जातो, आणि तेवढ्यासाठी कारखान्याच्या कोपऱ्यात नऊ पिनांचे पोर्ट असलेला एखादा जुना डेस्कटॉप जपून ठेवलेला असतो. ‘कन्व्हर्टर लावा की,’ असे आपण सहज म्हणून जातो. ते कसे फसते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रोग्रॅम मोठा असेल आणि यंत्राची स्मृती लहान असेल, तर तो थोडा थोडा पाठवावा लागतो. यंत्राचा बफर, म्हणजे आलेली माहिती तात्पुरती साठवण्याची जागा, भरत आला की ते संगणकाला ‘थांब’ असा संकेत पाठवते आणि जागा झाली की ‘पाठव’ असा. संगणकातले अस्सल सिरीयल पोर्ट हा संकेत जवळजवळ तत्काळ पाळते. यूएसबी कन्व्हर्टर मात्र माहिती गठ्ठ्यांनी हाताळतो. ‘थांब’ चा संकेत वरपर्यंत पोहोचून अमलात येईपर्यंत त्याच्या बफरमधली बरीच अक्षरे पुढे निघून गेलेली असतात. यंत्राचा बफर ओसंडतो, एरर येतो आणि काम मध्येच थांबते. जॉब, म्हणजे यंत्रावर चढवलेला धातूचा तुकडा, अर्धवट कापलेला राहतो. हा संकेत स्वतःच ओळखून थांबणारे चांगले कन्व्हर्टर मिळतात, पण ते निवडण्याचे ज्ञान आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी कारखानदाराच्या गळ्यात येतात. कन्व्हर्टर हा नुसता आकार बदलणारा तुकडा नसतो, हे उत्पादकांनी लक्षात घेतले पाहिजे. सर्वच लॅपटॉपना सिरीयल पोर्ट हवे, असे मी म्हणत नाही. ती वेळ केव्हाच गेली. उद्योगांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डेस्कटॉपमध्ये मात्र ते असले पाहिजे, आणि अशा काही मॉडेलांवर ते अजून मिळते ही चांगली गोष्ट आहे.

टाइप-सी, म्हणजे हल्लीच्या फोनवर असते ते छोटे यूएसबी पोर्ट. त्याचा प्रश्न यूएसबी ३.० पेक्षा अवघड आहे, कारण इथे खाचच बदलली. ऑगस्ट २०१४ मध्ये या कनेक्टरचे मानक प्रसिद्ध झाले. टाइप-एचा, म्हणजे पेन ड्राइव्हला असतो तो नेहमीचा चपटा आयताकृती, प्लग सुमारे साडेचार मिलिमीटर जाड, तर टाइप-सीचा अडीच मिलिमीटरच्या आत. शिवाय कसाही उलटसुलट घातला तरी चालणारा, चोवीस पिनांचा. कनेक्टर म्हणून तो निःसंशय सरस आहे. पण सुरुवातीच्या काळात त्याच्याभोवतीची व्यवस्था कच्ची होती. गूगलमधील अभियंता बेन्सन ल्युंग यांनी बाजारातल्या केबल एकेक करून तपासल्या. टाइप-ए ते टाइप-सी केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) हवा असताना अनेकींमध्ये १० किलोओहमचा बसवलेला त्यांना आढळला, आणि त्यामुळे फोन समोरच्या पोर्टकडून झेपणार नाही इतका विद्युतप्रवाह मागू शकत होता. २०१६ च्या सुरुवातीला तर तारा चुकीच्या जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला.

चूक केवळ स्वस्त केबलवाल्यांकडून होत होती असेही नाही. २०१९ च्या जूनमध्ये आलेला रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डवरचा छोटा संगणक इथल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी वापरला असेल. टाइप-सीमध्ये जोडणी ओळखण्यासाठी दोन पिना असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र ५.१ किलोओहमचा रोधक लागतो. पहिल्या आवृत्तीच्या बोर्डवर दोन्ही पिना एकत्र जोडून मिळून एकच रोधक लावला होता. साध्या केबलने बोर्ड व्यवस्थित चाले. पण ज्या महागड्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते, ती जोडली की चार्जरला समोर एखादे ध्वनी-उपकरण आहे असे वाटे आणि तो वीजच देत नसे. मानक प्रसिद्ध होऊन जवळपास पाच वर्षे झाली होती, आणि तरीही मानकात दाखवलेले सर्किट जसेच्या तसे न उचलल्यामुळे हे घडले. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. म्हणून मानक अंतिम झाले की नाही एवढेच विचारून भागत नाही. निरनिराळ्या चार्जर आणि केबलबरोबर यंत्राची चाचणी केली का, हेही विचारावे लागते.

या पार्श्वभूमीवर २०१६ च्या मॅकबुक प्रोचा निर्णय मला घाईचा वाटतो. हेडफोनची खाच सोडली तर त्यात केवळ टाइप-सी आकाराचे थंडरबोल्ट ३ (यूएसबीहून वेगवान) पोर्ट ठेवले गेले. २०२१ साली त्याच मालिकेत एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारे चार्जिंगचे पोर्ट) परत आले. मधली पाच वर्षे छायाचित्रकार आणि शिक्षक ॲडॅप्टर बाळगत होते. टाइप-सी बसवणे योग्यच होते, आणि त्या निर्णयाचे श्रेय मी देतो. घाई झाली ती बाकीचे पोर्ट त्याच वेळी काढण्यात.

दुसरा घोटाळा नावांचा आहे. २००८ चे यूएसबी ३.० पुढे ‘३.१ जेन १’ झाले आणि मग ‘३.२ जेन १’. वेग तोच, पाचच गिगाबिट. टाइप-सी हे नाव तर केवळ आकाराचे आहे. त्या खाचेमागे ४८० मेगाबिट असू शकतात किंवा ४० गिगाबिट. त्यातून पडद्याचा संकेत मिळेल किंवा मिळणारही नाही. २०२३ चा साधा आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला, पण माहितीचा वेग यूएसबी २.० चाच. मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ साली वेगाचा आकडाच नाव म्हणून छापावा, अशी सूचना केली. ती प्रत्येक उत्पादकाने पोर्टच्या शेजारी, यंत्राच्या अंगावर पाळावी, एवढी माझी मागणी आहे.

कायद्याने आता एक बाजू निश्चित केली आहे. युरोपीय संघात फोन आणि टॅब्लेटसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी चार्जिंग सक्तीचे झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही २०२३ च्या जानेवारीत टाइप-सीचे मानक जाहीर केले. या कायद्यात टाइप-ए काढून टाका असे कोठेही म्हटलेले नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण विक्रेते तसे भासवतात.

आपण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण महाविद्यालयासाठी किंवा कारखान्यासाठी खरेदी करतात. मागणीपत्रात ‘टाइप-सी पोर्ट असावे’ एवढेच लिहू नका. किती पोर्ट, प्रत्येकाचा वेग किती गिगाबिट, कोणत्या पोर्टवरून चार्जिंग होते आणि कोणत्यावरून पडदा जोडता येतो, हे लिहून मागा. दोन्ही बाजूंना एकेक चार्जिंगचे पोर्ट मागा, कारण वर्गातला प्लग नेहमी सोयीच्या बाजूला नसतो. त्याखाली आपल्या संस्थेतल्या जुन्या उपकरणांची यादी जोडा: स्वाक्षरीची टोकन, प्रोजेक्टर, मोजमापाची यंत्रे. त्यांच्यासाठी किमान दोन टाइप-ए आणि एक एचडीएमआय यंत्रावरच हवे, कन्व्हर्टरने दिलेले चालणार नाही, असे स्पष्ट लिहा. अशी मागणीपत्रे पुरेशा संख्येने गेली, तर जुने पोर्ट कधी काढायचे याचा हिशेब उत्पादकाला त्या याद्या समोर ठेवून करावा लागेल.